सदाफुलीचा काढा आणि फुप्फुसाचा कर्करोग

गेल्या पावसाळ्यात आजाऱ्यांना भेटण्यासाठी फिरत असताना एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. घरधनी साठीच्या पुढचे, आयुष्यभर शेतात राबलेले. तीन महिन्यांपासून खोकला होता, वजन उतरले होते. तालुक्याच्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला होता. त्यात डाव्या बाजूला डाग दिसला आणि डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात जाऊन पुढची तपासणी करून घेण्यास सांगितले. त्या गोष्टीला सहा आठवडे झाले होते. डॉक्टरांची चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेली होती, आणि पडवीत सुपामध्ये सदाफुलीची पाने वाळत घातली होती. रोज दोन वेळा त्या पानांचा काढा चालू होता.

मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "फादर, कॅन्सरचं इंजेक्शन ह्याच पानांचं करतात म्हणे. मग शहरात जाऊन पैसा कशाला घालवायचा? पानं देवानंच दिल्यात की."

त्यांच्या बोलण्याचा पहिला भाग खरा होता, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले. उघड खोट्याने माणूस फसत नाही इतका अर्ध्या सत्याने फसतो. वनस्पतींपासून फुप्फुसाच्या कर्करोगावर औषधे निघाली आहेत, एक नव्हे तर चार-पाच. आजही ती इस्पितळांतून दिली जातात. पण झाडातून औषध निघाले म्हणून झाड म्हणजेच औषध, असे होत नाही. मधली वाट लांबची आहे, आणि ती वाट समजली तर काढा पीत घरी बसण्याची चूक कोणाच्या हातून होणार नाही. म्हणून यावेळी या पानावर तीच सविस्तर सांगत आहे.

रोगाविषयी थोडेसे

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि हे काम ठराविक शिस्तीने चालते. कर्करोगात काही पेशी ही शिस्त मोडतात. शेतात तण माजावे तशा त्या वाढतात, शेजारची जागा व्यापतात आणि रक्तावाटे दूरवर जाऊन तेथेही रुजतात.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे डॉक्टर दोन मुख्य प्रकार मानतात. एक लहान पेशींचा. हा झपाट्याने वाढतो व लवकर पसरतो. दुसरा त्याखेरीजचा. शंभर रोग्यांपैकी सुमारे ८५ जणांना हा दुसरा प्रकार असतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि कोणता प्रकार आहे हे गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. एक्स-रेवरून कळत नाही, नाडीवरून तर नाहीच.

रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने तो भाग काढून टाकता येतो. त्याशिवाय किरणोपचार आहेत, शिरेतून देण्याची औषधे म्हणजे केमोथेरपी आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काही नव्या गोळ्या व शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनेही आली आहेत. वनस्पतींपासून आलेली औषधे यांपैकी केमोथेरपीत मोडतात.

पाकिटातून आलेली पंचवीस पाने

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. आता ती जगभर उष्ण प्रदेशात पसरली आहे. आपल्या दारात, विहिरीच्या काठी, स्मशानाच्या भिंतीला, कोठेही ती पाण्यावाचून फुलते. अनेक देशांत लोक तिचा काढा मधुमेहासाठी घेत असत.

१९५२ साली कॅनडातील क्लार्क नोबल या डॉक्टरांना त्यांच्या एका रोग्याने जमैका बेटावरून एका पाकिटात सदाफुलीची पंचवीस पाने पाठवली. तिकडचे लोक याचा चहा मधुमेहावर पितात, असे कळवले होते. डॉक्टरांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. ते वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधक होते. त्यांनी उंदरांना पानांचा अर्क पाजून पाहिला, पण साखर काही उतरली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर मरू लागले. शोध घेता असे दिसले की, त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम घटल्या होत्या व साध्या जंतूंशी झगडण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

दुसरा कोणी असता तर त्याने पाने फेकून दिली असती. नोबल यांनी उलट विचार केला. जे द्रव्य रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढ थांबवते, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालणार नाही काय? रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी त्यांच्या बरोबरीने काम करून १९५८ साली ते द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव व्हिन्ब्लास्टिन. अमेरिकेतील एका औषध कंपनीतही याच झाडावर काम चालले होते. तेथे त्याचेच भावंड असलेले व्हिन्क्रिस्टिन मिळाले, आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात या औषधाने फार मोठे काम केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही दोन्ही औषधे मुख्यतः रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या कर्करोगांची. फुप्फुसासाठी सदाफुलीपासून जे औषध वापरतात ते तिसरेच, व्हिनोरेल्बिन. फ्रान्समधील पिएर पोतिए यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सदाफुलीतील द्रव्ये घेऊन प्रयोगशाळेत त्यांची रचना बदलली व हे औषध घडवले. १९८९ साली फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. व्हिनोरेल्बिन सदाफुलीच्या पानात नसते. पाने कितीही उकळली तरी ते त्यातून उतरणार नाही, कारण ते त्यात नाहीच.

नंदुरबारचे शास्त्रज्ञ

पुढची गोष्ट आपल्या माणसाची आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. अमेरिकन सरकारने १९६० साली वनस्पतींची मोठी तपासणी हाती घेतली होती. देशोदेशींच्या झाडांची साल, मुळे, पाने, फळे गोळा करायची, त्यांचे अर्क काढायचे आणि कर्करोगाच्या पेशींवर ते चालतात का हे पाहायचे. १९८२ पर्यंत एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. त्यातून हाती आलेली औषधे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्यांपैकी दोन सर्वांत मोठी औषधे ज्या द्रव्यांपासून झाली, ती द्रव्ये वॉल आणि वाणी या जोडीने शोधली.

पहिले द्रव्य कॅम्प्टोथेसिन. चीनमधील एका झाडापासून ते १९६६ साली निघाले. त्या झाडाला तिकडे आनंदवृक्ष म्हणतात. दुसरे टॅक्सॉल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील जंगलात यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष वाढतो, त्याच्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा केले होते. त्या सालीतले द्रव्य वेगळे करून त्याची रचना वॉल व वाणी यांनी १९७१ साली जाहीर केली. आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ते सर्वत्र मिळते. १९९२ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९८ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

म्हणजे साल गोळा केल्यापासून फुप्फुसाच्या रोग्यापर्यंत पोचायला छत्तीस वर्षे लागली. एक अडचण अशी की, साल सोलली की झाड मरते. एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल, म्हणजे जवळजवळ तीन हजार झाडे लागत. हा वृक्ष फार सावकाश वाढतो. अशा रीतीने काही वर्षांत जंगलच संपले असते. मग युरोपातील यूच्या पानांतून मिळणाऱ्या दुसऱ्या द्रव्यापासून हे औषध बनवण्याची रीत निघाली. पाने खुडली तरी झाड जगते, पुन्हा फुटते. पानांची ही वाट पोतिए यांनीच दाखवली, आणि त्याच वाटेने डोसेटॅक्सेल हे दुसरे औषधही तयार झाले. तेही फुप्फुसाच्या कर्करोगावर देतात. यूचा भाऊबंद आपल्या हिमालयात आहे, त्याला तिकडे थुनेर म्हणतात. या औषधापायी त्याचीही बेसुमार तोड झाली.

दोराचा पीळ

ही औषधे रोगाच्या पेशीला मारतात तरी कशी? ज्याने हाताने चऱ्हाट वळले आहे त्याला हे चटकन समजेल.

एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा तिच्यातील आनुवंशिक द्रव्याचे दोन सारखे वाटे होतात. हे वाटे दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी पेशी स्वतःच बारीक दोर वळते आणि काम झाले की उसवून टाकते. सदाफुलीची औषधे हे दोर वळूच देत नाहीत. यूचे औषध याच्या उलट करते. वळलेला दोर ते असा घट्ट करून ठेवते की तो उसवता येत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, वाटणी अर्ध्यावर अडते व पेशी मरते.

कॅम्प्टोथेसिनची तऱ्हा निराळी. आनुवंशिक द्रव्य स्वतःच दोन पदरी दोरासारखे पीळ भरलेले असते. त्याची नक्कल काढायची तर पदर सोडवावे लागतात. चऱ्हाटाचे एक टोक उकलू लागलो की पुढे पीळ साचून गुंता होतो, हे आपण जाणतो. पेशीत असा गुंता होऊ नये म्हणून एक कारागीर असतो. तो एक पदर किंचित कापतो, पीळ सैल करतो आणि पुन्हा जोडून टाकतो. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या घडीला या कारागिराचा हात धरून ठेवते. कापलेला पदर जोडला जात नाही, आणि नक्कल काढताना सगळा दोर तुटतो.

आता अडचण पाहा. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजातील रक्त तयार करणाऱ्या पेशी याही सतत वाढतच असतात. औषधाला चांगली पेशी व वाईट पेशी यांतला फरक पुरता कळत नाही. म्हणून या औषधांनी केस गळतात, उलट्या होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, हातापायांना मुंग्या येतात. ही मोजून दिलेली विषेच आहेत. फवारणीचे औषध आपण पंपाला किती मिलिलिटर हे झाकणाने मोजून घालतो. ओंजळीने घालणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही. मग माणसाच्या अंगात जाणाऱ्या औषधाचे माप किती काटेकोर हवे!

आपल्या सह्याद्रीतला नरक्या

कॅम्प्टोथेसिन चीनच्या झाडातच आहे असे नाही. मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी व त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, आपल्या पश्चिम घाटातील नरक्या या झाडातही ते चांगल्या प्रमाणात आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगावच्या घाटमाथ्यावर फिरणाऱ्या गुराख्यांना हे झाड ठाऊक असते. त्याच्या घाणेरड्या वासावरूनच त्याला हे नाव पडले.

पण नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असे समजणाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिनची पुढची हकिगत वाचावी. त्यापासून केलेले औषध अमेरिकेत रोग्यांवर वापरून पाहिले गेले तेव्हा काही रोग्यांच्या गाठी थोड्या कमी झाल्या, पण मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ लागले, पांढऱ्या पेशी फार घटल्या. १९७२ च्या सुमारास तो प्रयोग थांबवावा लागला. लाखात निवडलेले द्रव्य, निष्णात डॉक्टर, सगळी देखरेख, आणि तरीही ही गत झाली. पुढे १९८५ साली हे द्रव्य पेशीतल्या कोणत्या कारागिराचा हात धरते ते कळले, आणि मग त्याची रचना बदलून सुधारलेली औषधे तयार झाली. त्यांपैकी टोपोटेकॅन हे औषध लहान पेशींचा कर्करोग उलटला असता देतात. १९९८ साली अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. टोपोटेकॅनही नरक्याच्या लाकडात नसते. लाकडातून कॅम्प्टोथेसिन काढून, त्यावर संस्कार करून ते बनवावे लागते.

हिमालयात वनककडी म्हणून एक लहान झुडूप आहे. तिच्या मुळातील तीव्र जुलाब करणाऱ्या द्रव्यावरून स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९६६ साली इटोपोसाइड तयार केले. लहान पेशींच्या कर्करोगात आजही पहिले औषध म्हणून प्लॅटिनमच्या औषधासोबत हेच देतात. आणि हेही मुळात तयार स्वरूपात नसते.

वाचकांनी हिशेब करावा. व्हिनोरेल्बिन, डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, टोपोटेकॅन व इटोपोसाइड ही फुप्फुसाच्या कर्करोगावरील पाच औषधे वनस्पतींमुळे मिळाली. त्यांपैकी एकटे पॅक्लिटॅक्सेल झाडात जसेच्या तसे आढळते. बाकीची चार झाडाच्या द्रव्यावर माणसाने मेहनत करून घडवली आहेत.

काढ्यात किती उतरते?

आता त्या सुपातल्या पानांकडे येऊ. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. प्रौढ माणसाला एका वेळी जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम देतात. म्हणजे एका मात्रेसाठी किलोभर वाळलेली पाने झाली, तीही कारखान्यातील यंत्रांनी काढली तर. मूठभर पानांच्या काढ्यात ते नावालाच असणार. शिवाय हे औषध शिरेतूनच द्यावे लागते, पोटातून ते नीट रक्तात जात नाही. उंदरांच्या बाबतीत नोबल यांना हाच अनुभव आला होता.

म्हणजे काढ्याने फायदा नाही, पण अपायही नाही ना? तसेही नाही. सदाफुलीत शंभराहून अधिक वेगवेगळी अल्कलॉइडे आहेत. काढ्यातून त्यांचे मिश्रण पोटात जाते, आणि आजच्या पानात किती व उद्याच्या पानात किती याला माप नाही. काहींचा रक्तदाबावर व साखरेवर परिणाम होऊ शकतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर फारच जपावे. पण सर्वांत मोठा अपाय वेगळाच आहे, तो वेळेचा. शस्त्रक्रियेने निघू शकणारी गाठ काही महिन्यांत तशी राहत नाही.

कोणी म्हणेल, मग हळदीचे काय? हळदीतले कुरकुमिन काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करते हे खरे आहे. पण पोटात घेतले असता ते रक्तात फारच थोडे पोचते. फुप्फुसाच्या कर्करोगावरचे औषध म्हणून ते मान्य झालेले नाही. बशीत पुष्कळ गोष्टी पेशी मारतात. माणसाच्या शरीरात रोग हटवणे हे काम वेगळे आहे. हळद आमटीत जरूर घालावी, तिच्यावर रोग सोपवू नये.

गाजराची कथा याहून बोधप्रद आहे. गाजर, पपई, हिरव्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो असे दिसले. तेव्हा त्यांतील बीटा-कॅरोटीन गोळीतून द्यावे असे शास्त्रज्ञांना वाटले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. कित्येक वर्षांनी, १९९४ साली निकाल आला तो उलटा! गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता. तेथे बीटा-कॅरोटीनसोबत जीवनसत्त्व अ देत होते. त्यातही २८ टक्के वाढ दिसली, म्हणून १९९६ साली तो मध्येच बंद करावा लागला. गाजर खाण्यात धोका नाही. पण त्यातले एकच द्रव्य काढून मोठ्या मात्रेत विडी-सिगारेट ओढणाऱ्याला दिले तर ते वैरी ठरले. म्हणूनच शास्त्रज्ञ अंदाजावर थांबत नाहीत, हजारो माणसांत तपासून पाहतात. तपासणीला उशीर लागतो खरा, पण त्या उशिरानेच माणसे वाचतात.

शेतकरी बंधूंसाठी

सदाफुलीची शेती करावी का, असे काही जण विचारतात. तमिळनाडूसारख्या राज्यांत ती कोरडवाहू जमिनीत करतात. सुमारे सहा महिन्यांनी व नऊ महिन्यांनी पाने खुडतात, आणि वर्षाअखेर झाड मुळासकट काढतात. मुळालाही औषधासाठी मागणी असते. पीक काटक आहे, पाणी थोडे लागते, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. पण याला गावचा बाजार नाही. घेणारी मोजकी मंडळी आणि भाव तेच ठरवणार. म्हणून आधी खरेदीदार, त्याच्याशी लेखी करार, आणि मगच लागवड. नुसते रोप विकून 'सगळा माल आम्ही उचलू' असे तोंडी सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

नरक्याविषयी तर कळकळीने सांगावेसे वाटते. लाकडाचे तुकडे वाळवून बाहेर पाठवण्यासाठी सह्याद्रीत या झाडाची चोरटी तोड झाली आहे. राखीव जंगलातील झाड तोडणे गुन्हा आहे, आणि मालकीच्या रानातले असले तरी आधी वनखात्याकडे विचारणा करावी. दिवसभराच्या मजुरीसाठी तोडणाऱ्याच्या हाती फार थोडे पडते आणि झाड कायमचे जाते. बांधावर, पडीक जागेत नरक्याची रोपे लावून जगवली तर पुढच्या पिढीला त्याचा उपयोग होईल.

खोकला अंगावर काढू नये

औषधे देणाऱ्या वनस्पती आपण पाहिल्या. हा रोग देणारी वनस्पतीही आपल्या ओळखीची आहे, ती म्हणजे तंबाखू. १९५० साली ब्रिटनमधील डॉल व हिल या संशोधकांनी रोग्यांची पाहणी करून सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. विडी सिगारेटहून सौम्य असते हा समज चुकीचा आहे. आपल्या निपाणी भागात विडीच्या तंबाखूवर कितीतरी संसार उभे आहेत. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन अनेकांना आठवत असेल. पीक घेणाऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण पिकवणाऱ्याने ती ओढलीच पाहिजे असे कोठे आहे? विडी सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानाने, निम्म्याच्या आसपास येतो. इतका गुण देणारा काढा अजून कोणाला सापडलेला नाही.

मात्र जन्मात विडी न ओढलेल्यांनाही हा रोग होतो. दुसऱ्याच्या विडीचा धूर आणि बंद स्वयंपाकघरातील चुलीचा धूर हीही कारणे आहेत. म्हणून 'मला व्यसन नाही' म्हणून निश्चिंत राहू नये.

पुढील लक्षणे लक्षात ठेवावीत. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, बेडक्यातून रक्त, विनाकारण वजन घटणे, धाप लागणे, आवाज बसून तसाच राहणे, छातीत किंवा खांद्यात सतत दुखणे. आपल्याकडे अशा वेळी प्रथम क्षयाची शंका येते, आणि ते योग्यच आहे. बेडका तपासून घ्यावा. परंतु क्षयाचे जंतू सापडले नसताना केवळ एक्स-रेवरील डागावरून औषध सुरू झाले असेल व महिना-दोन महिन्यांत उतार नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे, "हे दुसरे काही असेल का?" असे विचारण्यात संकोच करू नये.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी घरी कोणताही काढा, चूर्ण, हळदीच्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे. लपवू नये. काही वनस्पतींमुळे इस्पितळातील औषध शरीरात कमी पडते किंवा जास्त साचते. खर्चाची भीती वाटत असेल तर मुंबईचे टाटा, बेंगळुरूचे किदवई अशी इस्पितळे आहेत, सरकारी योजनांची कार्डे आहेत. कागदपत्रांसाठी मदत लागल्यास गावातल्या जाणत्या तरुणांना सोबत घ्यावे.

ही औषधे प्रत्येकाला पूर्ण बरे करतात असे सांगून मी कोणाला फसवणार नाही. रोग फार पसरला असेल तर ती बहुधा आयुष्य वाढवतात, त्रास कमी करतात, आणि काही वेळा तेवढेच साधते. लवकर गेलेल्यांना मात्र बरे होण्याची खरी संधी असते.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना एवढेच म्हणालो, "पान देवाने दिले हे खरे. त्या पानातून औषध काढणारी बुद्धीही त्यानेच दिली. एक घ्यायचे आणि दुसरे नाकारायचे, हे कसे?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलाला बरोबर घेऊन ते इस्पितळात गेले. आता त्यांना सलाइनमधून जी औषधे देतात त्यांत पॅक्लिटॅक्सेल आहे, एका झाडाच्या सालीत सापडलेले, नंदुरबारच्या माणसाने ओळख करून दिलेले. उपचार चालू आहेत, खोकला कमी आहे. पहिल्याच दिवशी तेथील डॉक्टरांनी त्यांना विचारले होते, "चिठ्ठीवर तारीख जुनी आहे. इतके दिवस कुठे होता?"

कोणाच्या घरी अशी चिठ्ठी कॅलेंडरमागे खोचलेली असेल तर ती आजच काढावी.